हात कुठे लावायचा, कुठे नाही

डिस्चार्जच्या दिवशी आमच्या हातात फाइल आली, औषधांची पिशवी आली आणि एक झेरॉक्स कागद आला. कागदावर रेघांनी काढलेली सहा-सात माणसं होती. कुणाचा हात वर, कुणाचा गुडघा वाकलेला. "हे व्यायाम घरी करून घ्या, दिवसातून तीनदा," नर्स म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली. पक्षाघात झालेले माझे वडील, अण्णा, व्हीलचेअरमध्ये उजवीकडे कलले होते. त्यांचा उजवा हात मांडीवरून घसरून चाकापाशी लोंबत होता. तो उचलून मांडीवर ठेवायला हवा, एवढंही आम्हा तिघांपैकी कुणाला सुचलं नाही. आईने त्या कागदाची बारीक घडी घातली आणि पैशांच्या बटव्यात ठेवली. त्या क्षणापासून ती अण्णांची नर्स, फिजिओथेरपिस्ट आणि दुभाषी झाली होती, पण तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

मी कराडला शाळेत विज्ञान शिकवते. आईवडील वाळवा तालुक्यातल्या गावी असतात, धाकटा भाऊ पुण्याला. अण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. निवृत्त होऊन ११ वर्षं झाली होती आणि रक्तदाबाची गोळी त्यांनी दोन महिन्यांपूर्वी आपली आपण बंद केली होती, बरं वाटतंय म्हणून. ऑगस्टमधल्या एका पहाटे साडेपाचला ते गोठ्यात धार काढायला बसले आणि बसल्या जागी उजवीकडे कोसळले. तोंड वाकडं, जीभ जड. गावात म्हणाले, अंगावरून वारं गेलं. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून तीन तास थांबवलं, मग गाडी शोधण्यात वेळ गेला. मिरजेला पोहोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिलं लक्षण दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमचे सात तास झाले होते. तोंड वाकडं झालं, एक हात पडला किंवा बोलणं बरळल्यासारखं झालं, यातलं एक जरी दिसलं तरी सीटी स्कॅनची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठायचं, वाटेत सलाईनला थांबायचं नाही, हे मी आता शाळेत नववी-दहावीच्या मुलांना दर वर्षी सांगते. घरात त्या वेळी बहुतेक तीच असतात.

डोक्याच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद झाली होती. त्यामुळे उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. नऊ दिवस रुग्णालयात काढले. जीव वाचवण्यात तिथल्या माणसांनी काही कमी केलं नाही, हे मनापासून सांगते. पण दहाव्या दिवशी माणूस घरी येतो आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं, त्याची तयारी आमच्याकडून कुणी करून घेतली नाही.

घरी आल्यावरचे पहिले बारा दिवस आठवले की अजून छातीत कळ येते. सोप्यात कॉट टाकली होती. दिवसभर माणसं येत. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगे, कुणी कुठल्या गावच्या वैदूचा नंबर देई. सगळे प्रेमाने येत. आणि सगळे अण्णांशी मोठ्याने बोलत, जणू त्यांना ऐकू येत नाही. अण्णा समोरच्याच्या तोंडाकडे बघत. त्यांना जवळजवळ सगळं कळत होतं, तोंडातून मात्र एकच शब्द निघे: "तिकडं." भूक लागली तरी तिकडं, लघवीला लागली तरी तिकडं.

त्यांना उठवून बसवायचं कसं, हे आम्ही आमच्या मनानेच ठरवलं होतं. चुलतभाऊ अंगाने दणकट आहे. तो काखेत हात घालून अण्णांना उचलायचा आणि मी उजवा हात धरून पुढे ओढायचे. चौथ्या दिवशी मी असाच हात ओढला आणि अण्णा ओरडले. आजारपणानंतरचा त्यांचा सगळ्यात मोठा आवाज तो होता. त्यानंतर खांद्याला हात लावू देईनात. कूस बदलायची म्हटलं तरी कपाळावर घाम यायचा. मला वाटलं, लकव्यात दुखतंच असेल.

बाराव्या दिवशी इस्लामपूरहून फिजिओथेरपिस्ट आली. तिशीच्या आतली मुलगी, स्कूटरवर, पाठीला सॅक. तिने आधी अण्णांचा खांदा तपासला. मग माझं बोट धरून त्यांच्या खांद्याच्या हाडाखाली ठेवलं. तिथे खळगा लागत होता, बोट बसेल एवढा. "ताई, खांद्याच्या उखळीतला गोळा स्नायूंनी धरून ठेवलेला असतो. आता स्नायू सैल आहेत, त्यामुळे हाताचं वजनच गोळ्याला खाली ओढतंय. त्यात आपण हात धरून ओढला, काखेतून उचललं, की आतले पडदे फाटल्यासारखे ताणले जातात." ती रागावली नाही. मीच खाली बसले. जे हात मी आधार म्हणून लावत होते, त्यांनीच दुखणं वाढवलं होतं. ते कमी व्हायला पुढे दीड महिना लागला, आणि तेवढे दिवस हाताचा व्यायाम मागे पडला.

त्या दिवशी तिने अण्णांकडून एकही व्यायाम करून घेतला नाही. पूर्ण तास आईला शिकवलं. आधी विचारलं, "काकू, दिवसभर यांच्याजवळ कोण असतं?" आई म्हणाली, "मीच की." "मग मला तुम्हाला शिकवायचंय. मी तासभर येणार, उरलेले तेवीस तास तुमच्याकडे आहेत."

आणि ते शिकवणं कागदावरचं नव्हतं. आईने अण्णांना कुशीवर वळवायचं, ती बघणार. आईचा हात चुकीच्या जागी गेला की तो उचलून बरोबर जागी ठेवणार. मग आईने पुन्हा करायचं. मग मी. मग चुलतभाऊ. उठवताना हाताला धरायचंच नाही. तिने कमरेला पट्टा बांधायला शिकवलं. तिच्याकडचा पट्टा अण्णांना काचत होता, तेव्हा आईने जुन्या सतरंजीची दुहेरी पट्टी शिवली. धरायचं ते त्या पट्ट्याला. अण्णांचे दोन्ही तळपाय जमिनीला टेकलेले, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. आई उजव्या बाजूला उभी, तिच्या गुडघ्याने त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेका, म्हणजे तो मुडपत नाही. मग पुढे वाकायला सांगायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत. तिथवर वाकलं की बसकण आपोआप उचलली जाते, माणसाला उचलावं लागत नाही. ४८ किलोची माझी आई ७० किलोच्या अण्णांना उभं करताना मी त्या तासाला पहिल्यांदा पाहिलं. अण्णांनी खाली जमिनीकडे पाहिलं, मग आईकडे. आई म्हणाली, "बघा की, उंच दिसतायसा."

कॉट बुटकी होती, तिच्या पायांखाली विटा लावल्या. भिंतीला चिकटलेली उजवी बाजू मोकळी केली, म्हणजे येणारा-जाणारा त्या बाजूने येईल, ताट त्या बाजूला असेल, आणि अण्णांचं त्या अंगाकडे सारखं लक्ष जाईल. उजव्या हाताखाली कायम उशी. न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची, भिंतीला गवंड्याकडून लोखंडी दांडी, उंबऱ्याला सिमेंटचा उतार. सदरा घालताना आधी उजवा, म्हणजे दुबळा हात बाहीत, काढताना तो शेवटी. या सगळ्याला मिळून साडेसहा हजार रुपये लागले, त्यात कमोडची खुर्ची आली. एवढंच आम्हाला डिस्चार्जच्या आधी तासभर बसवून कुणी सांगितलं असतं तर अण्णांचा खांदा वाचला असता. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. ज्यांचं माणूस आज वॉर्डात आहे, त्यांनी घरी जायच्या आधी हे मागून घ्यावं म्हणून लिहिते. फिजिओथेरपिस्टला थांबवा आणि म्हणा, आमच्याकडून करून घ्या, तुम्ही बघा.

जेवणाचं असंच. नाकातली नळी सातव्या दिवशी काढली होती आणि "घट्टसर द्या" असं सांगितलं होतं. आत्याने मायेने, अण्णा उताणे झोपले असताना, चमच्याने पाणी पाजलं. ठसका लागला तो पाच मिनिटं थांबेना. गिळायचे स्नायू दुबळे असतात तेव्हा पातळ पाणी सगळ्यात अवघड, कारण ते घशात धावतं आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. त्यातून न्यूमोनिया होतो, आणि कधीकधी ठसकासुद्धा लागत नाही. नुसता आवाज ओला, घोगरा येतो. तो ओला आवाज आई ओळखायला शिकली. ज्वारीची आंबील, नाचणीचं सत्त्व, आसट भात. पूर्ण ताठ बसवून, हनुवटी छातीकडे, चमचा छोटा, आणि पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. जेवण झाल्यावर उजव्या गालात घास राहिलाय का ते बघायचं, कारण त्यांना तो तिथे आहे हे कळत नाही. मग अर्धा तास बसतंच ठेवायचं. हे आईच्या हाताला लगेच बसलं. माझी मुलं तिच्याच हाताखाली जेवायला शिकली होती.

तिला अवघड गेलं ते पुढचं.

दुसऱ्या महिन्यात डावा हात चांगला चालत होता, उजव्या खांद्यात थोडी हालचाल येत होती, कोपर वाकू लागलं होतं. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "काकू, आता चमचा त्यांच्या हातात द्या. सदऱ्याच्या गुंड्या त्यांना लावू दे." आईने मान हलवली आणि ती गेल्यावर पुन्हा स्वतःच्या हाताने भरवलं. पुढच्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला तिने आईला कॉटसमोर स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "दोन्ही हात मांडीखाली ठेवा. दाबून. मी सांगेपर्यंत काढायचे नाहीत." अण्णांनी वाटी डाव्या हाताने धरली. उजवा हात टेबलावरून सरपटत वाटीपर्यंत आला, पुन्हा घसरला. सत्त्व सांडलं. पुन्हा आला. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "माझ्याच्यानं बघवत न्हाई पोरी. पंचेचाळीस वर्षं केलंय त्यांचं, आत्ताच कसं बसून बघू?"

फिजिओथेरपिस्टने तिचा खांदा धरला आणि सोप्या भाषेत सांगितलं. मेंदूचा जो भाग गेला तो परत उगवत नाही. पण शेजारचा भाग ते काम उचलू शकतो, आणि तो उचलतो तो करून करूनच. वाट मळते तशी. रोज शेकडो वेळा त्या हाताने काहीतरी करायचा प्रयत्न झाला तर ती वाट मळणार. तुम्ही भरवलंत की तो प्रयत्न तुमच्या हाताने झाला, त्यांच्या मेंदूत काहीच झालं नाही.

मला त्या दिवशी कळलं, की घरातल्या माणसाला नुसते व्यायाम शिकवून भागत नाही. आमच्याकडे सेवा म्हणजे समोरच्याला हलू न देणं. आजारी माणूस स्वतः पाणी घ्यायला उठला तर लोक घरच्यांना नावं ठेवतात. एकदा आत्या आली असताना अण्णा वीस मिनिटं एक गुंडी लावत होते आणि आई समोर बसून होती. आत्याने गावभर सांगितलं, बायको बघत बसते. आईला हे ऐकू आलं, ती दोन दिवस जेवली नाही. म्हणून आम्ही पुढच्या रविवारी आत्याला मुद्दाम बोलावलं आणि फिजिओथेरपिस्टकडून तिलाही सगळं समजावून घेतलं. तिच्याकडून अण्णांना एकदा उभं करून घेतलं. त्यानंतर आत्या आली की तीच इतरांना सांगायची, हात लावू नका, त्यांचं त्यांना करू द्या.

आईने मग तिच्या पद्धतीने व्यायाम घरात मुरवले. झेरॉक्स कागदावरची माणसं तिला कधी पटली नाहीत. ती भाकरीचं पीठ मळताना अण्णांचा उजवा हात परातीच्या काठावर ठेवायची, परात हलू द्यायची नाही हे त्यांचं काम. शेंगा फोडायच्या, वाटाणे सोलायचे, दोघं मिळून चादरीची घडी घालायची. उठण्या-बसण्याची गणती चिंचोक्यांनी. दहा चिंचोके या वाटीत, एकदा उठलं की एक त्या वाटीत. सुरुवातीला दिवसाला २० व्हायचे, चौथ्या महिन्यात १०० च्या वर गेले. आणि मग ते चिंचोके उजव्या हाताने उचलणं हाच व्यायाम झाला. अंगठा आणि तर्जनीत पहिला चिंचोका धरला गेला तेव्हा आईने फोन करून मला वर्गातून बाहेर बोलावलं. तारीख १९ डिसेंबर, माझ्या डायरीत आहे.

बोलण्याचंही शेवटी थांबण्यावरच आलं. सांगलीची स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर असायची. तिने पहिल्याच दिवशी टीव्ही बंद करायला लावला. एका वेळी एकानेच बोलायचं, वाक्य छोटं, आणि विचारलं की मनात दहा मोजायचे. शब्द आपण पुरवायचा नाही. घरात दहा आकड्यांची शांतता किती मोठी असते हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. आईला चौथ्या आकड्याला शब्द सुटायचा. "चहा? चहाच ना?" अण्णा चिडायचे, हातातलं फेकायचे. मग हळूहळू ती दहापर्यंत पोहोचली.

दिवाळीच्या सुट्टीत माझा मुलगा सोप्यात बसून पाढे म्हणत होता. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस, आणि पुढे अडला. कॉटवरून आवाज आला, "अठ्ठेचाळीस." आम्ही सगळे थिजलो. मुलगा पुढे गेला, अण्णाही गेले, बारा दाहे वीसाशेपर्यंत, अडखळत पण क्रमाने. वजनकाट्यावर आयुष्य गेलेला माणूस. पावकी, निमकी, सवायकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे त्यांना तोंडपाठ होते. ज्यांना बायकोचं नाव उच्चारता येत नव्हतं, त्यांना पाढा येत होता.

मी आनंदाने स्पीच थेरपिस्टला फोन केला. तिने मला जमिनीवर आणलं. पाठांतरातलं, गाण्यातलं, मोजणीतलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं, ते टिकलं म्हणजे स्वतः वाक्य जुळवता येईल असं नाही. पण वापरता येईल, म्हणाली. मग ती पाढ्याची लय धरून छोटे शब्द बसवायला लागली, टेबलावर चांगल्या हाताने ठेका धरून. पाणी-दे. चल-बाहेर. माझा मुलगा रोज संध्याकाळी फोनवर आजोबांबरोबर एक पाढा म्हणायचा. त्या अर्ध्या तासात आईला मोकळीक मिळायची, हे मला नंतर लक्षात आलं.

आईकडे आमचं लक्ष फार उशिरा गेलं. जानेवारीत ती न्हाणीत चक्कर येऊन पडली. रक्तदाब १७०/१००. गेले पाच महिने तिचा रक्तदाब कुणी मोजलाच नव्हता, आणि तो मोजायचं मशीन रोज सकाळी तिच्याच हातात असायचं. रात्री दर दोन तासांनी उठून ती अण्णांची कूस बदलत होती. ते स्वतः वळायला लागल्यावरही तिने ते सोडलं नव्हतं. पाठ धरलेली. भजनी मंडळात पाच महिने गेली नव्हती. आम्ही तिला सारखं "तू किती करतेस" म्हणत होतो. ते ऐकून तिने कुणाला काय सांगायचं होतं?

त्या आठवड्यात भाऊ, मी आणि चुलतभाऊ बसलो आणि वार वाटून घेतले. शनिवार दुपार ते रविवार संध्याकाळ माझी. महिन्यातले आठ दिवस भाऊ गावाहून लॅपटॉपवर काम करणार. मंगळवार-शुक्रवारची आंघोळ चुलतभावाची. अशी वाटणी पहिल्याच महिन्यात व्हायला हवी होती. फिजिओथेरपिस्टने सप्टेंबरमध्येच सांगितलं होतं, शिकायला एकाहून जास्त माणसं बसवा. आम्ही शिकलो होतो, पण करायला आई होती म्हणून करत नव्हतो.

अण्णांचं रडणं त्याच सुमारास वाढलं. कुणी आलं तरी रडू, बातम्या लागल्या तरी रडू. आम्ही "धीर धरा, अण्णा" म्हणत राहिलो. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की रडू न आवरणं हे कधी मेंदूच्या इजेमुळे असतं, आणि शिवाय पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एका माणसाला नैराश्य येतं. त्यावर औषध आहे. गोळी सुरू झाल्यावर महिन्याभराने अण्णा पुन्हा स्वतःहून पट्टा मागायला लागले. ते आळशी झालेत, व्यायामाचा कंटाळा करतात, असं आम्ही त्याआधी म्हणत होतो. ते शब्द मला अजून टोचतात.

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कळल्यावर मी दोन दिवस बेचैन होते. फिजिओथेरपिस्टने सांगितली आणि मग मी शोधून वाचली. भारतातच यावर मोठा अभ्यास झाला आहे, १४ रुग्णालयांत, १,२५० रुग्णांवर. अर्ध्यांच्या घरातल्या एका माणसाला पुनर्वसनाचं शिक्षण दिलं, अर्ध्यांना नेहमीचे उपचार. २०१७ साली निकाल लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेले रुग्ण दोन्हीकडे ४७ टक्के. काहीच फरक नाही. मला वाटलं, म्हणजे आईचे चिंचोके, सतरंजीचा पट्टा, मांडीखाली दाबलेले हात, हे सगळं वाया?

फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "काकूंना शिकवलं म्हणून माझं येणं बंद केलं असतंत तर कदाचित हाच आकडा तुमच्या घरात दिसला असता." ती पहिला महिना आठवड्यातून पाच दिवस येत होती, मग तीन, आता पंधरा दिवसांतून एकदा. एका खेपेचे ४०० रुपये. प्रत्येक खेपेला ती व्यायाम बदलायची, आईच्या हातातली नवी चूक पकडायची. पाय उचलताना अण्णा कंबर वर ओढतात हे आईला दिसत नव्हतं, तिला दिसलं, आणि घोट्याला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, आली. त्या अभ्यासातून मी तरी एवढंच घेतलं, की घरच्या माणसाला थोडं शिकवून त्याच्या अंगावर सगळं टाकता येत नाही. आणि ज्या घरी थेरपिस्ट पोहोचतच नाही, तिथे "घरच्यांनी करून घ्या" हे उत्तर पुरेसं मानून गप्प बसू नये. गावोगावच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस जरी फिजिओथेरपिस्ट बसली तर आमच्यासारख्या किती घरांतले खांदे वाचतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता १४ महिने झालेत. अण्णा चार पायांची काठी घेऊन मारुतीच्या पारापर्यंत जातात, चांगली माणसं पाच मिनिटांत जातात तिथे त्यांना पंचवीस लागतात. पायरी चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी, हे ते स्वतः पुटपुटतात. उजवी मूठ पूर्ण उघडत नाही. धार काढता येत नाही, येणारही नाही बहुधा. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा झपाट्याने झाली, आता मुंगीच्या पावलाने आहे, पण थांबलेली नाही. बोलणं दोन-तीन शब्दांचं. आईचं नाव फेब्रुवारीत आलं. रक्तदाबाच्या गोळ्या आता दोघांच्या आहेत, एकाच डब्यात दोन रंगांच्या कप्प्यांत, आणि भरतात अण्णा, डाव्या हाताने डबा धरून, उजव्याने गोळी टाकत. त्याला अर्धा तास लागतो, चुकत नाहीत.

गेल्या महिन्यात गावातल्या खालच्या आळीत एका बाईच्या नवऱ्याला लकवा झाला. त्याला घरी आणल्याचं कळलं त्याच संध्याकाळी आई सतरंजीची पट्टी घेऊन गेली. रात्री तिने मला फोनवर सगळं सांगितलं. दोन पोरं काखेत हात घालून त्याला उचलत होती. तिने त्यांना थांबवलं. हाताखाली उशी ठेवली, कॉट भिंतीपासून ओढायला लावली, इस्लामपूरचा नंबर दिला. आणि मग त्या बाईचे दोन्ही हात धरून पट्ट्यावर ठेवले. "तिचा हात चुकत होता," आई म्हणाली, "पर मी लगीच न्हाई सांगितलं. एकदा करू दिलं. मग धरून दावलं. उद्या परत जाणार हाय, अण्णा बी येतो म्हनलेत."